वाटणी म्हणजे एकोपा नव्हे

गॅदरिंगची कमिटी निवडायची वेळ आली की होस्टेलात एक हिशोब सुरू होतो. ह्यांचा एक, त्यांचा एक, उरलेल्यांचा एक. यादी लागली की सगळे खूश! आपण याला एकोपा म्हणतो. मला विचाराल तर ही नुसती वाटणी आहे.

आफ्रिकेतल्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, इंग्रजांनी हेच केलं. १९५८-५९ च्या निवडणुकीत प्रत्येक मतदाराने एक आफ्रिकन, एक आशियाई आणि एक युरोपियन निवडायचा होता. 'सगळ्या वंशांचा' म्हणवणारा युनायटेड टांगानिका पार्टी हा पक्ष १९५६ साली गव्हर्नरच्याच आशीर्वादाने निघाला होता. निवडणुकीत तो साफ आपटला. लोकांना हवं होतं स्वातंत्र्य, आणि ती मागणी न्येरेरेंच्या टानू पक्षाकडे होती.

आता आपल्याकडचं बघा. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नाही, 'मजूर' आहे. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात त्याचे बहुतेक उमेदवार निवडून आले. त्यांत श्यामराव परुळेकर, अनंतराव चित्रे असे सवर्ण घरांतले लोकही होते. (आपलं जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे या निवडणुकीत इथल्यांना मतच नव्हतं.) १० जानेवारी १९३८ ला कोकणातली महार आणि कुणबी कुळं खोतीविरुद्ध मुंबईत एका मोर्चात चालली. एकमेकांच्या घरचं पाणी न पिणारी ही माणसं! त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध, पक्षाने कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला.

पक्ष मात्र सहाच वर्षं टिकला. १९४२ साली क्रिप्स योजना आली. सत्तेच्या वाटाघाटीत समाजासमाजाचे प्रतिनिधी मोजले जात होते, मजुरांना कोण विचारणार? त्याच वर्षी नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं.

म्हणजे प्रयोग फसला का? मला तसं वाटत नाही. बाबासाहेबांनी १९३७ सालीच खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. कायदा १९४९ साली झाला. पक्ष गेला, पण मागणी जिंकली.

म्हणून म्हणतो, कमिटीत कोणाकोणाचा माणूस आहे हे जरूर बघा. कोणी वगळलं जाऊ नये हे खरंच. पण तिथेच थांबू नका. उन्हाळ्यात टँकर आला नाही की बादली सगळ्यांचीच रिकामी असते. त्या बादलीसाठी सगळे मिळून ऑफिसात जाल, तेव्हा एकोपा म्हणा.