सामाईक वस्तूचे मोल

विकत घेतलेली वस्तू एकट्याने वापरावयाची असेल, तर तिचे मोल ठरविणे फारसे कठीण जात नाही. तीच वस्तू चौघांत सामाईक झाली, की प्रश्न उभे राहतात. पैसे कोणी दिले, किल्ली कोणाजवळ राहावयाची आणि वस्तू नाहीशी झाल्यास नुकसान कोणाचे? वर्गणीतून घेतलेला ढोल, आळीच्या मालकीच्या सतरंज्या व पातेली, मुलांनी पैसे जमवून आणलेला चेंडू यांच्या बाबतीत हे प्रश्न फार जुने आहेत. आता आंतरजालावरील खेळांत मुले अशाच सामाईक वस्तू पैसे देऊन घेऊ लागली आहेत. परंतु तेथे हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

माइनक्राफ्ट या खेळाचे उदाहरण घ्यावे. त्यात ठोकळ्यांनी घरे, पूल, शेते, किंबहुना सबंध गावे रचता येतात. ‘रेल्म्स’ या नावाने खेळाची कंपनी मासिक शुल्क घेऊन एक खासगी जग चालवून देते. शुल्क एकाच्या खात्यातून जाते. मोठ्या योजनेत त्याच्याखेरीज एका वेळी आणखी दहा जण त्या जगात येऊ शकतात, आणि त्यांना त्यासाठी निराळे काही द्यावे लागत नाही. समजा, कोयनानगरच्या वसाहतीतील चार मित्रांनी असे जग घेतले. महिन्यातील वीस संध्याकाळी ते चौघे खेळले, तर एका शुल्कात ऐंशी संध्याकाळींचा आनंद पदरात पडला. तेवढेच पैसे एकाने आपल्या पात्राच्या झगझगीत पोशाखावर खर्च केले असते, तर बाकीच्या तिघांच्या वाट्यास केवळ हेवा आला असता. या दृष्टीने सामाईक वस्तू निःसंशय अधिक मोलाची ठरते. मात्र परीक्षेच्या महिन्यात ते दोनच दिवस खेळले, तर ऐंशीच्या आठ होतात आणि शुल्क तेवढेच राहते. हे गणित वर्गणी काढण्यापूर्वी करावयाचे असते.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ढोल विकत घेतला म्हणजे तो मंडळाचा झाला. तो बनविणाऱ्या कारागिराने उद्या दुकान बंद केले, तरी ढोल वाजतच राहतो. खेळातील वस्तूचे तसे नाही. तेथे ‘विकत घ्या’ असे लिहिलेले असले, तरी मिळतो तो बहुधा वापरण्याचा परवाना. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने पब्जी मोबाइलसह ११८ ॲप्सवर बंदी घातली. ३० ऑक्टोबर रोजी त्या खेळाची येथील सेवा थांबली आणि पैसे देऊन जमविलेले पोशाख व बंदुकांची रंगीत आवरणे खेळाडूंच्या हातून तूर्त तरी गेली. पुढे त्याच खेळाची भारतीय आवृत्ती निघाली, तेव्हा जुना संग्रह तीत आणण्याची सोय मिळाली; पण ती मिळाली कंपनीच्या मर्जीने. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतींचा खेळ युबिसॉफ्ट कंपनीने २०२४ च्या मार्चअखेर कायमचा बंद केला. तेव्हा तर सबंध खेळ विकत घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून, अशा विक्रीत परवानाच मिळतो हे ग्राहकास स्पष्ट सांगण्याचे बंधन विक्रेत्यांवर घातले आहे.

म्हणून अशा वस्तूवर पैसे खर्चूच नयेत, असे म्हणणे एकांगी होईल. जत्रेतील पाळण्याचे पैसे दिल्यावर पाळणा कोणी घरी नेत नाही; तरी ते पैसे वाया गेले असे कोणी मानीत नाही. दोष भाडे देण्यात नाही. भाड्याच्या वस्तूला मालकीची किंमत मोजण्यात आहे. 

परंतु त्या चौघांचा खरा पेच पैशांपेक्षा निराळाच आहे. समजा, चौथ्याच्या घरी वर्गणी देण्याजोगी परिस्थिती नाही. तिघे त्याला विनामूल्य खेळू देतात, आणि सामाईकपणाची हीच तर थोरवी! त्या बदल्यात तो खाणी खणतो, तटबंदी रचतो. अर्धे गाव त्याच्या हातचे असते. एके दिवशी भांडण होते. ज्याच्या खात्यातून शुल्क जाते, तो एक बटण दाबून चौथ्याला बाहेर काढतो. गाव जागच्या जागी राहते. ते रचणारा मात्र वेशीबाहेर जातो. पैसे न देणाऱ्याने काहीच दिले नाही, हा हिशोबच चुकीचा आहे. त्याने श्रम दिले, आणि सामाईक वस्तूच्या मोलात श्रमाचा वाटा रुपयांइतकाच धरावयास हवा.

कोयनानगरच्या मुलांना याचा दाखला शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. शिवसागराचे काही पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरून वीज निर्माण करते, तर काही पूर्वेस वाहत जाऊन सांगलीकडच्या शेतांना मिळते. पश्चिमेस किती वळवावे याचा निर्णय कोणा एकाच्या लहरीवर सोडलेला नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने, ज्याला बच्छावत लवाद म्हणतात, त्याची वार्षिक मर्यादा ६७.५ अब्ज घनफूट अशी ठरवून दिली. ती लेखी आहे आणि कोणासही विचारता येते. पण याच जलाशयाखाली ज्यांची गावे गेली, त्यांनी रोख पैसे दिले नव्हते. त्यांनी शेते आणि घरे दिली. दिवे राज्यभर लागले. त्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचे प्रश्न मात्र अनेक दशके रेंगाळले. एवढ्या मोठ्या वस्तूशी मुलांच्या खेळाची बरोबरी होऊ शकत नाही, हे खरे. तथापि पैशांशिवाय दिलेले देणे विसरले जाते, हा दोष दोन्हीकडे सारखाच दिसतो.

जबाबदारीही सामाईक असते. स्टीम या खेळविक्री केंद्राच्या कुटुंब योजनेत सहा जणांपर्यंत सदस्य एकमेकांनी घेतलेले खेळ वापरू शकतात. पण एकाने दुसऱ्याचा खेळ घेऊन त्यात लबाडी केली व त्याच्यावर बंदी आली, तर त्या खेळापुरती ती मूळ मालकावरही येते. हा नियम कठोर वाटतो. परंतु उसन्या आणलेल्या सायकलीने कोणाला धडक दिली, तर गावात लोक सायकल कोणाची हे आधी विचारतातच.

तेव्हा चौघांनी पहिल्याच दिवशी काही गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. कोणी किती दिले, कोणाला काढावयाचे असल्यास किती जणांची संमती लागेल, शुल्क थांबल्यावर काय करावयाचे. रेल्म्समधील जगाची प्रत उतरवून घेता येते. मात्र ती मालकालाच घेता येते. वसाहतीत हे विशेष महत्त्वाचे, कारण तेथील पुष्कळ वडीलमंडळी सरकारी नोकरीत असतात आणि बदलीचा हुकूम कोणत्याही वर्षी येतो. ज्याच्या वडिलांच्या खात्यातून शुल्क जाते, तोच मुलगा कऱ्हाडला किंवा नागपूरला निघाला, तर सामानाची बांधाबांध सुरू होण्यापूर्वी त्याने त्या गावाची प्रत उतरवून उरलेल्या तिघांना द्यावी, आणि भरून ठेवलेल्या महिन्यांचे पैसेही त्याच बैठकीत चुकते करावेत.