इन्सुलिन, वजन आणि आपली ऊणोदरी



“इन्सुलिन सुरू केलं की माणूस फुगतो.” आमच्या कर्जत-खोपोलीकडे सामायिक पारून उठताना हे वाक्य हमखास कानावर येतं. त्या धास्तीने काही जणी घरात न सांगता डोस चुकवतात. मला वजनापेक्षा त्याचीच काळजी जास्त वाटते.

वजन वाढतं का? वाढतं. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. त्यात दहा वर्षांत इन्सुलिनवाल्यांचं वजन, मुख्यतः आहारावर ठेवलेल्यांपेक्षा सरासरी ४ किलो जास्त वाढलं होतं. पण कारण समजून घ्या, ते अगदी जमाखर्चाचं आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतून वाहून जाऊ लागते. रोज ५० ग्रॅम गेली तर २०० कॅलरी गेल्या. इन्सुलिनने ही गळती बंद होते. जेवण मात्र तेवढंच राहतं, मग शिल्लक वाढणारच! दोष गळती बुजवणाऱ्याला कसा द्यायचा?

त्यात भर भीतीची. “साखर उतरेल, काहीतरी खाऊन घे” असं म्हणत सासूबाईंपासून सुनेपर्यंत सगळे खायला घालतात. खरोखर घाम सुटला, हात थरथरले आणि साखर ७० च्या खाली दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मोहनथाळ हे त्यावरचं औषध नाही. तुपामुळे साखर उशिरा चढते आणि कॅलरी तेवढ्या अंगाला लागतात. वारंवार उतरत असेल तर डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावा. डोसाला पुरावं म्हणून खाणं वाढवत नेणं मला पटत नाही.

आपल्या सहा बाह्य तपांत पहिलं अनशन, दुसरी ऊणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी. अठ्ठाईचा वरघोडा निघतो. ऊणोदरीचा कोणी काढलेला मी पाहिला नाही. पण इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी मला हेच तप मोठं वाटतं. डोस सुरू असताना मनाने उपवास धरणं धोक्याचं आहे. दोन घास रोज कमी करणं मात्र वर्षभर जमतं, अर्थात ते डॉक्टरांना सांगून. जोडीला रसत्याग. सहा विगईंपैकी गोड आणि तळलेलं एवढं सोडलं तरी आहारतज्ज्ञ जे सांगतात त्यातलं बरंचसं साधतं. आपण कांदा-बटाटा सोडतो आणि डब्यात फरसाण भरून ठेवतो. एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळजवळ १२० कॅलरी!

आपला तालुका भाताचा. भात सोडा असं मी म्हणणार नाही. आधी भाजी आणि मुगाची डाळ, मग वाटीने मोजलेला भात. भात आणि तांदळाची भाकरी एकाच ताटात नको.

चौविहार वजनाला चांगलाच. पण डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. मधे जवळपास चौदा तास पोट रिकामं. म्हणून संध्याकाळच्या डोसाची वेळ आणि प्रमाण आधी डॉक्टरांशी ठरवून घ्या. रात्री साखर उतरलीच तर पच्चक्खाणातच सव्वसमाहिवत्तियागारेणं हा आगार ठेवलेला आहे. महाराजसाहेबांना आधी विचारून मन स्वच्छ करा आणि ग्लुकोज उशाशी ठेवा.

“हे प्राण्यांचं तर नाही ना?” हेही विचारलं जातं. पूर्वी ते गाय-डुकराच्या स्वादुपिंडातून काढत. १९८२ पासून जिवाणूंकडून, नंतर यीस्टकडूनही बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आहे. आज इथे मिळणारं बहुतेक तसंच असतं. सूक्ष्म जीवांचा प्रश्न उरतो, हे मान्य. पण डोळे आणि मूत्रपिंड गमावून कोणता धर्म पाळता येईल?

राहिलं चालणं. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस छत्रीला दाद देत नाही. त्या चार महिन्यांत प्रत्येक जेवणानंतर घरातच दहा मिनिटं फेऱ्या मारा. गुडघे साथ देत असतील तर खमासमणेही घाला. एरवी देरासरला रिक्षा न करता पायी जा. वहीत दर रविवारचं वजन आणि साखरेचे आकडे लिहा, आणि पुढच्या तपासणीला ती वही बरोबर न्या.