चमक वरची, पकड खालची

सुट्टीनंतर हॉस्टेलवर परतलं की एक कार्यक्रम ठरलेला असतो. कॉटवर चार जण, खाली सहा जण, मध्ये कुणाच्या तरी घरचा चिवडा आणि "तू ट्रेनिंगला काय केलंस?" ही फेरी. कुणी मेट्रोचे पिअर पाहिलेले, कुणी धरणाचा सांडवा. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "लेहला होतो. फ्लोअर कोटिंगच्या साइटवर." दोन सेकंद शांतता आणि मग जो काही हशा झाला म्हणता! "एवढ्या लांब फरशी पुसायला गेला होतास होय?" हे वाक्य मला पुढचं अख्खं सेमिस्टर पुरलं.

मित्रांनो, हसा. पण आज मला त्या फरशीबद्दलच लिहायचंय. कारण दोन वर्षांत वर्गात जे कळलं नाही, ते मला एका उखडलेल्या फरशीने शिकवलं.

२०२४ च्या जूनमध्ये, सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर, ओळखीने ही ट्रेनिंग मिळाली. लेह म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण ३,५०० मीटर. हवेचा दाब आपल्या मुंबईच्या दोन तृतीयांश. पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजायचं नाव घेत नाही. काम होतं एका हॉटेलचं नवं स्वयंपाकघर आणि दारातला पॅसेज. पर्यटक बूट घालून आत येणार, बुटांना खडी-वाळू, हिवाळ्यात बर्फ. ते आत आलं की वितळणार. साध्या टाइल्सवर माणूस घसरतो आणि सांध्यांत पाणी मुरून रात्री गोठतं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. दोन-तीन हिवाळ्यांत सांधे खिळखिळे! म्हणून तिथे इपॉक्सी आणि क्वार्ट्झची बिनसांध्याची फरशी हवी होती.

हा प्रकार काय असतो? आपल्या लोणावळ्याच्या चिक्कीसारखा. इपॉक्सी हा पाक आणि क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, हे शेंगदाणे. आधी खालचा कोबा डायमंड ग्राइंडरने घासायचा. मग प्रायमर. मग रेझिन आणि हार्डनर मापात मिसळून दातेरी रबरपट्टीने पसरायचं आणि ते ओलं असतानाच खिळ्यांचे बूट घालून त्यावर क्वार्ट्झचे दाणे भुरभुरवायचे. ओलं दिसायचं थांबेपर्यंत भुरभुरवायचे. वाळल्यावर सुटे दाणे झाडून घ्यायचे, पुन्हा एक हात, आणि शेवटी टॉपकोट. सगळं मिळून जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. पण गारगोटीचा कठीणपणा मोह्‌स स्केलवर ७, म्हणजे साधं पोलाद सहसा तिच्यावर ओरखडा काढू शकत नाही. शिवाय दाणेदारपणामुळे ओला बूट घसरत नाही.

दाण्यांचं आणखी एक काम आहे, जे मला व्हायवात कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तापमान वाढलं की नुसतं इपॉक्सी काँक्रीटच्या साधारण पाचपट प्रसरण पावतं. लेहला दुपारी ऊन आणि रात्री थंडी, हा खेळ रोजचा. वरचा थर पळायला बघतो, खालचा जागचा हलत नाही. भांडण होतं ते दोघांच्या मधल्या सांध्यावर. क्वार्ट्झ भरलं की वरच्याचं पळणं बरंच कमी होतं.

आता डोंगराची खोड बघा. एक, हवा कोरडी, वारा भरपूर, ऊन कडक. काँक्रीट ओतलं की वरचं पाणी भराभर उडून जातं, क्युरिंग नीट झालं नाही तर वरचा थर कच्चा आणि भुसभुशीत राहतो. तुम्ही त्यावर जगातलं सर्वात महाग इपॉक्सी लावा, ते त्या कच्च्या सायीला चिकटणार आणि सायीसकट निघणार. दोन, उंचीवर दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. नेहमीचं इपॉक्सी खिडकीतल्या उन्हाने पिवळं पडतं, म्हणून वर अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेनसारखा ऊन सोसणारा टॉपकोट लागतो. तीन, सकाळी ऊन लागून कोबा तापू लागला की छिद्रांतली हवा फुगते आणि ओल्या थरात बुडबुडे काढते. म्हणून थर द्यायचा तो तापमान उतरताना, संध्याकाळी. पण संध्याकाळी दिला की रात्री गारठा! आमच्या मालाच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, १० अंशांच्या खाली लावू नये. म्हणजे सकाळी लावाल तर फोड, रात्री लावाल तर कच्चं. इकडे आड, तिकडे विहीर.

आणि इथेच अस्मादिकांनी पराक्रम केला.

आमचे मिस्त्री बिहारचे, पन्नाशीचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. थंडीत तूप थिजावं तसं एका डब्यातलं रेझिन रवाळ झालं होतं. मी म्हटलं, माल खराब, परत पाठवू. उस्ताद काही बोलले नाहीत. डबा गरम पाण्यात ठेवला, तासाभराने काचेसारखं स्वच्छ रेझिन काढून दाखवलं. रेझिन थंडीत असं दाणेदार होतं आणि गरम केलं की पूर्ववत होतं, हे मला नंतर कळलं. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. पण इंजिनिअरिंगचा स्टुडंट तो!

संध्याकाळी प्रायमर झाला. रात्री पारा १० च्या खाली जाणार हे दिसत होतं. मी सुचवलं, स्वयंपाकघर बंद करून रॉकेलचा हीटर लावू. हीटरला चिमणी नव्हती. उस्ताद म्हणाले, "बाबू, बंद कमरे में ये ठीक नहीं." मी म्हटलं, कागदावर तापमान लिहिलंय, हीटर कुठला ते लिहिलेलं नाही. साइट इंजिनिअर घाईत होते, त्यांनी मान डोलावली. मी रजिस्टरमध्ये ऐटीत लिहिलं, 'हीटिंग ओके', आणि झोपायला गेलो.

रॉकेल जळतं म्हणजे काय होतं? हे अकरावी-बारावीचं केमिस्ट्री. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. एक लिटर रॉकेल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. गार फरशीवर ती वाफ बसते. हार्डनरमधलं अमाइन अजून पूर्ण खपलेलं नसतं, ते या कार्बन डायऑक्साइड आणि ओलाव्याशी जुळतं आणि पृष्ठभागावर मेणचट पापुद्रा तयार होतो. याला अमाइन ब्लश म्हणतात. डोळ्यांना धड दिसतही नाही. कोमट पाण्याने पुसून काढला तर जातो. आम्ही पुसला नाही. सकाळी त्यावरच दुसरा थर, क्वार्ट्झ, सगळं. फरशी अशी देखणी झाली की मी मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवले.

आठ दिवसांनी जड ओटा सरकवताना एक कोपरा उचकटला. पकडून ओढला तर हातभर तुकडा सोललेल्या सालीसारखा निघून आला.

कंत्राटदार आले आणि त्यांनी एका मिनिटात निकाल दिला. उस्तादांनी घासाई नीट केली नाही. चार दिवसांची मजुरी कापली.

मी तो तुकडा उलटा करून पाहिला होता. घासाई कमी असती तर त्याच्या पाठीला सिमेंटची भुकटी लागून आली असती. पाठ गुळगुळीत होती आणि खाली प्रायमर कोब्याला घट्ट चिकटलेला होता. म्हणजे उस्तादांचं काम शाबूत होतं, फुटलं होतं ते माझ्या हीटरच्या रात्रीवर. मला हे कळत होतं आणि मी गप्प बसलो. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट अजून हातात यायचं होतं ना!

तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी साइट इंजिनिअरना तुकडा दाखवून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, स्वतःची मान डोलावल्याचंही कबूल केलं. उस्तादांना कापलेल्यातले निम्मे पैसे मिळाले. निम्मे गेले ते गेलेच. माझं काहीच बिघडलं नाही. मी माफी मागितली तेव्हा उस्ताद एवढंच म्हणाले, "अगली बार पूछ लेना."

असो. आता माझं म्हणणं.

पहिलं म्हणजे, डोंगरावर सगळीकडे इपॉक्सी फासायची गरज नाही. लडाखची जुनी घरं माती, दगड आणि पॉपलरच्या लाकडाची आहेत. राहत्या खोलीत मातीची किंवा लाकडाची जमीनच पायाला उबदार. इपॉक्सी-क्वार्ट्झ हवं ते स्वयंपाकघरात, बूट काढायच्या जागी, दवाखान्यात, गॅरेजमध्ये. केवळ फोटोत चमकते म्हणून फरशी करू नये.

दुसरं, करायचीच तर पैसा खाली घालावा. आपल्याकडे काम चौरस फुटाच्या दराने जातं. त्यात घासाई, ओल तपासणं, थांबणं यांचा वेगळा दर सहसा नसतो, म्हणून पहिली कात्री तिथेच लागते. साधारण दीड फूट चौरस प्लॅस्टिक कोब्यावर चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी खाली दव दिसलं तर थर देऊ नका. खर्च किती? शून्य. कोब्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं, हे मोजायचं यंत्र तळहातावर मावतं. पुल-ऑफ टेस्टमध्ये ५० मिलिमीटरची चकती चिकटवून ओढतात. १.५ मेगापास्कल म्हणजे जवळपास ३०० किलोचा ओढा. फरशी सुटण्याआधी खालचं काँक्रीट तुटलं तर काम पास. हे आकडे टेंडरमध्ये लिहा आणि त्याचे पैसे द्या.

तिसरं आपल्या सर-मॅडमसाठी, रागावू नका. आपल्या वर्कशॉपची चकाचक फरशी आठवते? कमिटी येणार म्हणून ऐन जुलैत केलेली? कमिटी गेली आणि गणपती येईपर्यंत फोड आले. तिथे हीटर नव्हता, खालून मुरणारी ओल होती. डोंगर निराळा, पावसाळा निराळा, घाई मात्र तीच. आम्हाला बीम डिझाइन करायला तीन पेपर आणि पृष्ठभाग तयार करायला अर्धं पान. एक दिवस एखाद्या मिस्त्रींना लॅबमध्ये बोलवा, त्यांना खुर्ची द्या आणि आम्हाला जर्नल घेऊन समोर बसवा.

आणि मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणं. उद्या आपण साइटवर सही करणारे होणार. रजिस्टरमध्ये 'ओके' लिहायला दोन सेकंद लागतात, त्याची किंमत बहुतेक वेळा आपण भरत नाही. समोरचा उस्ताद 'ठीक नहीं' म्हणाला तर पेन खाली ठेवा आणि 'का?' एवढं विचारा.

वर्कशॉपला गेलात तर एक रुपयाच्या नाण्याने फरशी ठोकून बघा. जिथे पोकळ वाजेल, तिथे कुणीतरी 'ओके' लिहिलेलं आहे.

– अंतिम वर्ष, स्थापत्य