शकुंतला ९ मिलिमीटरवर

होस्टेलच्या टेबलावर पुठ्ठा, फेविकॉल आणि ब्लेड घेऊन बसले की येणारी-जाणारी प्रत्येक जण विचारते, "काय गं, बी.एड.ला ॲडमिशन घेतलीस का?" मी सांगते, स्टेशन बनवतेय. "कुठलं?" शकुंतलेचं. मग एकच हशा! इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी आणि आगगाडी आगगाडी खेळते म्हणे.

तर मित्रांनो, हा खेळ नाही, हेच सांगायला हा लेख लिहिते आहे.

मी बोरी अरबची. आमच्या दारव्हा तालुक्यातून शकुंतलेची लाइन जाते. बाहेरगावच्या मित्रांसाठी थोडक्यात सांगते : यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर अशी ही नॅरोगेज. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढून ती उभी केली. कशासाठी? वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरावर जावा म्हणून. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं झेड-डी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ मध्ये या लाइनवर आलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढत राहिलं. मग डिझेल आलं, आणि आता गाडीच बंद आहे.

म्हणजे वाफेची शकुंतला मी पाहिलेलीच नाही. माझा जन्म त्यानंतरचा. गंमत बघा, आमच्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत थॉमस टँक इंजिनाची पुस्तकं होती. थॉमस, पर्सी, गॉर्डन सगळे पाठ! आणि घरापासून थोड्या अंतरावरच्या रुळावर ७० वर्षं कुठलं इंजिन धावलं, हे मला अकरावीपर्यंत माहीत नव्हतं. दोष पुस्तकांचा नाही. थॉमस लिहिणारे रेव्हरंड ऑड्री स्वतः घरी रेल्वेची मॉडेलं करायचे. वेल्समधली टॅलिलिन नावाची एक मरायला टेकलेली नॅरोगेज लाइन १९५१ मध्ये हौशी लोकांनी चालवायला घेतली, तिथंही ते काम करायला गेले. त्यांनी आपल्या गाड्यांवर जीव लावला. आपण आपल्या गाडीवर विनोद केले, की चालत्या गाडीतून उतरा, चहा प्या आणि परत चढा!

इंग्लंडात १९६३ ला बीचिंग साहेबांचा रिपोर्ट आला आणि दोन हजारांवर छोटी स्टेशनं बंद करायच्या यादीत गेली. ११ ऑगस्ट १९६८ ला तिथल्या मेनलाइनवरची वाफेची शेवटची गाडी निघाली. पण बंद पडलेल्या फाट्यावरचं सिग्नल केबिन, पाण्याची टाकी, स्टेशनमास्तरची कोबीची वाफीसुद्धा कुणाच्या तरी माळ्यावर ४ मिलिमीटरला १ फूट या मापानं आजही उभी आहे. ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन म्युझियममध्ये तर १९२०-३० च्या काळातली अख्खी खेडी या मापात केली आहेत, जुन्या घरांची प्रत्यक्ष मोजमापं आणि फोटो घेऊन. मोजमापं घेऊन, हे लक्षात ठेवा. माझा सगळा मुद्दा तिथंच आहे.

आता थोडं आपल्या विषयाचं. ब्रिटिश मॉडेलचं लोकप्रिय माप म्हणजे डबल-ओ, ७६.२ पट लहान. पण त्याचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, म्हणजे ८७ पट लहान असलेल्या एच-ओ मापाचे! झालं असं की इंग्लंडची इंजिनं अंगानं बारीक, त्या काळच्या मोटारी एच-ओच्या सांगाड्यात मावेनात. मग वरचं इंजिन मोठं केलं आणि खालचे रूळ तसेच ठेवले. गुणाकार करून बघा, १६.५ गुणिले ७६.२ म्हणजे १२५७ मिलिमीटर. खरा गेज १४३५. साहेबांच्या स्वतःच्याच रेल्वेचा गेज स्वतःच्याच मॉडेलमध्ये सात इंच कमी! काही कट्टर लोक म्हणूनच १८.८३ मिलिमीटरचे रूळ हातानं बनवतात.

आणि आपली शकुंतला? गेज अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ म्हणजे ८.७६. बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात, ते एन गेजचे. पाव मिलिमीटरचाही फरक नाही! हे गणित मी पुण्यात, कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम पाहताना वहीच्या मागच्या पानावर केलं. १ एप्रिल १९९८ ला ते सुरू झालं, एका माणसाच्या हौसेतून. मॉडेल एच-ओ मापाचं. बाकीचे लोक गाड्यांचे फोटो काढत होते आणि मी भागाकार करत होते. याच मापात यवतमाळ ते मूर्तिजापूर १ किलोमीटर ३०० मीटर भरतं. एवढी जागा कोण देणार? म्हणून एखादंच स्टेशन घ्यायचं.

वजनाचा हिशोब आणखी मजेदार. लांबी ८७ पट कमी, पण वजन ८७ च्या घनानं कमी होतं. ३० टनांचं इंजिन ४५ ग्रॅमचं होऊन बसतं आणि रुळावर घसरतं. म्हणून आत शिसं भरतात. खऱ्या वाफेवर एवढं छोटं इंजिन चालवणंही अवघड. हॉर्नबी कंपनीनं २००३ मध्ये ते डबल-ओ मापात करून दाखवलं, पण पाणी तापवायला वीज रुळांतून दिली. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या तासाला हे कुणी सांगितलं असतं तर मी मागच्या बाकावर झोपले नसते. असो.

काही मित्र म्हणतात, इंग्रजांनी कापूस लुटायला टाकलेली लाइन, तिचं कौतुक कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण खड्डे खणले, गिट्टी फोडली, गासड्या चढवल्या ते हात कुणाचे होते? इंग्रजी मॉडेलांत फुलझाडं असतात आणि हातात बॅग घेतलेले साहेब असतात. शकुंतलेच्या मॉडेलमध्ये कापसाच्या गासड्या आणि त्यांच्याखाली वाकलेली माणसं हवीत. ८७ पट लहान केलं की माणूस १९ मिलिमीटरचा होतो, पण पाठ वाकलेली दिसते.

माझं पहिलं स्टेशन मात्र पार फसलं. आठवणीवरून फलाट उंच केला. जुना फोटो पाहिला तर फलाट जवळजवळ जमिनीलगत! म्हणून मागच्या दिवाळीत टेप घेऊन एका छोट्या स्टेशनावर गेले. एक म्हातारे आबाजी काठी टेकत आले.

"कायले मोजून रायली वं माय? रेल्वेत लागली का?"

"नाही आबाजी, छोटं स्टेशन बनवायचंय, पुठ्ठ्याचं."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मंग पान्याची टाकी कुठी दाखवशीन?"

कसली टाकी? तिथं तर काहीच नव्हतं. त्यांनी काठीनं बाभळीकडं बोट केलं. इंजिन तिथं पाणी प्यायचं, म्हणे. मी फलाटाच्या टोकापासून मोजलं, तेवीस पावलं. माझ्या ड्रॉइंगमध्ये ती टाकी नव्हती, फोटोतही नव्हती. ती फक्त त्या आबाजींच्या डोक्यात होती.

२०१६ मध्ये ही लाइन ब्रॉडगेज करायची घोषणा झाली. ब्रॉडगेज मलाही हवंच आहे, त्यासाठी आंदोलन करणाऱ्यांच्या मी बाजूनं आहे. आजारी माणसाला नागपूरला न्यायचं तर मॉडेल उपयोगाचं नाही. पण नवं काम आलं की जुने पूल, शेड, मोऱ्या जाणार. आणि नाही आलं तर बाभळी आणि भंगारवाले आहेतच. दारव्ह्याहून पुसदला एक फाटा जायचा, त्याचे रूळ केव्हाच उखडले. त्या फाट्यावरच्या एखाद्या स्टेशनचा नकाशा मी शोधते आहे, अजून एकही हाती लागला नाही.

दरवर्षी आपल्याकडं सर्व्हेइंगचा कॅम्प होतो आणि दरवर्षी आपण तेच ग्राउंड, तीच पाण्याची टाकी, तोच मेन गेट मोजतो! सीनियरचं फील्डबुक उतरवलं तरी चालतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याऐवजी एक वर्ष शकुंतलेचं एक स्टेशन मोजू या. जागा रेल्वेची आहे, तेव्हा परवानगीचं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर जायला हवं. प्राचार्य सरांना माझी ही लेखी विनंती समजावी. सिव्हिलवाल्यांनी लेव्हल आणि स्टाफ आणावा, मेकॅनिकलवाल्यांनी डब्यांची मापं घ्यावीत, आणि ज्यांना यातलं काहीच येत नाही त्यांनी वही घेऊन आबाजींसारख्यांजवळ बसावं. वऱ्हाडी समजणारा एक जण सोबत ठेवा, माझीही तिथं थोडी पंचाईतच झाली होती.

तीस मीटरचा टेप माझ्याकडं आहे. नावं लेडीज होस्टेलच्या नोटीस बोर्डवर लिहून ठेवा, मुलांनी वॉचमनकाकांकडं द्या. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. पावसाळ्यानंतर गवत फार वाढतं, तेव्हा एखाद्यानं विळा आणला तर बरं.