दर आवर्तनाला तिहाई

गोवा ट्रान्स आणि त्याच्यातून पुढे वाढलेला सायट्रान्स या संगीताबद्दल एक तक्रार आता वारंवार कानी येते, आणि ती निंदकांची नसून भक्तांची आहे. हे संगीत एकसुरी होत चालले आहे. नवी रचना ऐकताना ती आधी कुठेतरी ऐकली आहे असे वाटते. दोन कलाकारांतला फरक ओळखता येत नाही. निंदकांची तक्रार जुनीच आहे. त्यांना यात पहिल्या दिवसापासून 'नुसती ठकठक' ऐकू आली, आणि त्यांच्याशी वाद घालण्याची आम्हाला हौस नाही. ज्याला ख्यालात 'नुसते आ-आ' ऐकू येते त्याच्याशी तरी कोण वाद घालतो? पण घरच्यांची तक्रार वेगळी असते. ती खरी आहे. मात्र तिचे जे कारण सांगितले जाते ते साफ चुकीचे आहे, आणि त्या चुकीच्या निदानावर जो उपाय गेली अनेक वर्षे चालू आहे त्यानेच रोग बळावला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निदान असे की, या संगीतात पुनरावृत्ती फार, म्हणून ते कंटाळवाणे झाले. उपाय ओघानेच आला: पुनरावृत्ती मोडा. मधेच थांबा, गाणे घाला, मंत्र घाला, बासरी घाला, श्रोत्याला दर मिनिटाला एक धक्का द्या. आम्ही मराठी साहित्य शिकवतो आणि हे संगीत विद्यार्थिदशेपासून ऐकतो. (या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो हे आमच्या सहकाऱ्यांना न सुटलेले कोडे आहे, तो का बसू नये, हे आमच्यापुढचे.) पुनरावृत्ती दिसली की दोष दिसला असे मानण्याची खोड आम्हाला कवितेच्या समीक्षेतून चांगली परिचयाची आहे, आणि ती तिथेही आम्हाला कधी पटलेली नाही.

ज्यांचा या संगीताशी संबंध आलेला नाही अशा वाचकांसाठी थोडा इतिहास. साठच्या दशकाच्या अखेरीस हणजूण, कळंगुट या किनाऱ्यांवर युरोप-अमेरिकेतले हिप्पी येऊन राहू लागले. त्यांच्या रात्रींत आधी रॉक संगीत होते. ऐंशीच्या दशकात त्याची जागा युरोपातून ध्वनिफितींवर आलेल्या इलेक्ट्रॉनिक संगीताने घेतली. आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी या रात्रींसाठीच मुद्दाम रचलेल्या संगीताला 'गोवा ट्रान्स' हे नाव पडले. ते रचले गेले मात्र बहुतांशी लंडनमध्ये, इस्रायलमध्ये, जर्मनीत. गोव्याचा मांडो किंवा देखणी त्यात शोधू जाणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. आपल्याकडच्या काहींना या संगीताचे पितृत्व भारताकडे ओढण्याचा मोह होतो आणि मग चरणजित सिंग यांचे नाव पुढे केले जाते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या या वादकाने १९८२ साली इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून ध्वनिमुद्रिका काढली, ती तेव्हा कोणी फारशी घेतली नाही, आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर जगाने तोंडात बोट घातले. ती ध्वनिमुद्रिका विलक्षण आहे. पण जी फारशी कोणी ऐकलीच नव्हती ती कोणाची आई कशी होईल?

आता मुख्य मुद्दा. सायट्रान्सची गती मिनिटाला सुमारे १४५ ठोके. आठ मिनिटांच्या रचनेत ११६० ठोके पडतात, आणि प्रत्येक ठोक्यामागून खर्जातले तीन स्वर धावतात. म्हणजे आणखी ३४८०. हे सारे जवळजवळ जसेच्या तसे. हिशेब ऐकून कोणीही म्हणेल की याहून एकसुरी काय असणार! पण हाच हिशेब एकल तबलावादनात हार्मोनियमवर धरलेल्या लेहऱ्याला लावून पाहावा. सोळा मात्रांची एकच ओळ. ती तास-दीड तास तशीच चालते. लेहरा एकसुरी आहे असे म्हणत कोणी सभागृहातून उठून गेल्याचे आम्ही पाहिलेले नाही, कारण लेहरा ऐकण्यासाठी तिथे कोणी आलेलेच नसते. लेहरा ही भिंत आहे. चित्र कायद्याचे, त्याच्या पलट्यांचे, रेल्याचे. भिंत हलत नाही म्हणूनच चित्राची रेघ किती सरकली ते कळते.

गोवा ट्रान्सचे उत्तम दिवस याच न्यायाने चालत. ठोका आणि खर्ज ही भिंत. तिच्यावर सोळा घरांची एक छोटी स्वरपंक्ती येते, पुनःपुन्हा येते, आणि स्वर तेच राहूनही तिचा पोत बदलत जातो. आधी आवाज गोणपाटाखालून आल्यासारखा दबलेला. मग फिल्टर हळूहळू उघडत जातो तशी त्याला धार चढते. मग त्याच स्वराच्या पोटातून दुसरा स्वर डोकावू लागतो. ही युक्ती गोव्याची नव्हे. शिकागोच्या फ्यूचर या चमूने १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढली; अकरा मिनिटांहून मोठ्या त्या रचनेत रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्राची खुंटी पिळत जाण्यापलीकडे फारसे काही घडत नाही, आणि तेवढे पुरते. हॅल्युसिनोजेन या नावाने सायमन पॉसफर्ड यांनी १९९५ मध्ये काढलेल्या 'ट्विस्टेड' मध्ये हीच युक्ती इतक्या थरांनी वापरली आहे की तिच्या आठ रचना आजही आम्हाला पुरत्या संपलेल्या वाटत नाहीत. बदल सतत चालू असतो. तो नेमका केव्हा झाला हे मात्र सांगता येत नाही. संध्याकाळ नेमकी कोणत्या क्षणी झाली हे जसे सांगता येत नाही, तसे.

मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना लयीची तीन तत्त्वे मांडली: संवाद, विरोध आणि समतोल. सायट्रान्समध्ये संवाद फार झाला म्हणून विरोध आणा, असे आजच्या सुधारकांचे म्हणणे दिसते. पण विरोध हा कशाच्या तरी विरोधात असावा लागतो. संवाद पुरता प्रस्थापितच झाला नाही तर विरोध कशाशी करणार?

आणि आज नेमके हेच घडते आहे. मोठ्या मंचांवर वाजणारा आजचा सायट्रान्स ऐका. ठोका सुरू होतो, मिनिटभरात तो थांबतो, पोकळीत कोणीतरी गूढ स्वरात इंग्रजी वाक्य उच्चारते, ढोल चढत्या गतीने बडवला जातो, क्षणभर शांतता, आणि मग ठोका पुन्हा 'कोसळतो', ज्याला तिकडे ड्रॉप म्हणतात. लोक हात वर करतात. मिनिट-दीड मिनिटाने पुन्हा तेच. आर्मिन व्हान ब्यूरेन आणि विनी विची यांची २०१६ मधली 'ग्रेट स्पिरिट' हा या घडणीचा ठळक नमुना. त्यात हायलाइट ट्राइबचा मंत्रघोष आहे, कारागिरी चोख आहे, पहिल्या वेळी अंगावर काटाही येतो. पण त्यानंतर तिच्या साच्यातून निघालेल्या रचनांची मोजदाद करणे आम्ही सोडून दिले आहे. तबलजीने मैफिलीत तीन-चारदा नेमक्या जागी तिहाई घेऊन समेवर यावे, आपण मान डोलवावी, हे ठीक. त्याने दर आवर्तनाला तिहाई घ्यायला सुरुवात केली तर? पहिल्या पाचांना टाळ्या पडतील. नंतर सम ही सम राहणार नाही. ती नुसती वेळापत्रकातली नोंद होईल.

म्हणून आमचे म्हणणे असे: जुन्या रचनांत ठोक्याची पुनरावृत्ती होती, आजच्या रचनांत धक्क्याची पुनरावृत्ती आहे. ठोका हजार वेळा आला तरी शिळा होत नाही, कारण तो काही नवे सांगत असल्याचा आव आणत नाही. धक्का दुसऱ्यांदाच शिळा होतो. भक्तांना जो एकसुरीपणा टोचतो आहे तो या शिळ्या नवलाईचा आहे, आणि त्यावर आणखी नवलाई हे औषध दिले जात आहे.

हे का झाले? 'संगणक आला, आता कोणीही सोम्यागोम्या घरी बसून संगीत करतो' हे उत्तर सोपे आणि आळशी आहे. हे संगीत पहिल्यापासून यंत्रांचेच आहे. खरे कारण आमच्या मते वेळेचे. जुन्या गोव्यात रचना एकेकटी ऐकायची नसे. संगीत डॅट या डिजिटल फितींवरून वाजवले जाई. फितीची गती कमीजास्त करून दोन रचनांचे ठोके जुळवणे व्यवहारात शक्य नसे. म्हणून रचनेच्या दोन्ही टोकांना ठोक्याविना निव्वळ नाद सोडलेला असे, आणि त्या टोकांवर रचना एकमेकींत विरघळत. रात्रीचा मध्य काळोखा, कठोर. पहाट जवळ येई तसे स्वर मोकळे होत. सूर्य वर येताना सर्वांत गोड रचना. रागांचे समयचक्र मानणाऱ्या आपल्या समाजाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. गोवा गिल, ज्यांचे २०२३ मध्ये निधन झाले, ते सलग चोवीस तास वाजवण्यासाठी प्रसिद्ध होते. चोवीस तास ज्याच्या हातात आहेत त्याला दर मिनिटाला टाळी कशाला हवी?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकांना मनाई केली, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला बळ दिले. गोव्यात अंमलबजावणी कधी कडक, कधी डोळेझाक. पण उघड्यावरची ती निर्धास्त रात्र गेली ती गेलीच. (पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची पहाटेपर्यंतची बैठकही याच नियमांनी संपली, आणि पहाटेचे राग श्रोत्यांना पारखे झाले. गावकऱ्यांच्या झोपेचा हक्क आम्हाला मान्य आहे. काय गमावले याची नोंद तरी असावी.) अर्थात हे कारण पुरेसे नाही. पोर्तुगालचा बूम किंवा हंगेरीचा ओझोरा इथे रात्र अजून रात्रच आहे, तरी तक्रार तिथेही आहे. कारण तिथेही कलाकाराच्या वाट्याला दीड-दोन तास येतात, आणि घरी तर तीन-साडेतीन मिनिटांचीच आवृत्ती बहुतेकांच्या कानी पडते. तीन मिनिटांत काळोख, पहाट आणि सूर्योदय उरकायचा म्हणजे धक्क्यांवाचून गत्यंतर नाही.

इन्फेक्टेड मशरूमचे काय, असे कोणी विचारील. त्यांनी 'क्लासिकल मशरूम' (२०००) मध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीताची वळणे आणली, थांबे आणले, नाट्य आणले. ते नवे होते आणि उत्तम होते, आम्ही आजही ऐकतो. पण त्यांचे थांबे रचनेच्या वाढीतून येत. अनुकरण करणाऱ्यांनी थांबा उचलला, वाढ तिथेच ठेवली.

अमली पदार्थांचा उल्लेख केल्याशिवाय या विषयावर बोलणे काहींना अप्रामाणिक वाटते. तेव्हा उल्लेख केला. तो धूर या संगीताभोवती होता आणि आहे. पण त्याने एक रचना टिकते आणि दुसरी का टिकत नाही याचा उलगडा होत नाही, आणि आम्ही दोघे या रचना चहा पीत ऐकत आलो आहोत.

याच्या उलट टोकाला भूतकाळाचे पूजक आहेत. १९९७ नंतर काही झालेच नाही असे मानून ते जुन्या घाटाच्या नव्या रचना करतात. बेल्जियमची सनट्रिप ही कंपनी २००४ पासून असे संगीत निष्ठेने काढते. त्यातल्या फिल्टेरियाच्या 'स्काय इनपुट' वरून आमच्या दोघांत मतभेद आहेत. आमच्यापैकी एकाच्या मते त्यात जुन्या थरांची खरी वाढ आहे; दुसऱ्याच्या मते पाच स्वरपंक्ती एकाच वेळी घातल्या की थर होत नाहीत, गर्दी होते. हा वाद मिटलेला नाही. पण त्या परंपरेतले बरेचसे संगीत म्हणजे १९९६ ची सुंदर हस्ताक्षरातली नक्कल आहे, यावर एकमत आहे.

आयोजक म्हणतात, श्रोत्यांना आता धीर उरलेला नाही, धक्के नसतील तर ते मोबाइल काढतात. आम्ही पाहिले आहे ते उलट: मोबाइल निघतात ते ड्रॉपच्या आधी, तो टिपण्यासाठी, कारण तो केव्हा येणार हे सर्वांना ठाऊक असते. हिवाळी हंगामात एखाद्या आयोजकाने एका कलाकाराला दीड तासाऐवजी सहा तास द्यावेत आणि अट एकच घालावी, की ठोका थांबवायचा नाही. पहिल्या तासात काही लोक उठून जातील. त्यांना जाऊ द्यावे.