शंभर वॉट कशासाठी?

पोलोग्राउंड हे नाव ऐकून आज कोणाही इंदूरकराच्या डोळ्यांपुढे घोडा येत नाही. होळकरशाहीची ती आठवण नावापुरती उरली आहे. तेथे आता कारखान्यांच्या शेडी आहेत आणि इंदूर-उज्जैनकडच्या मुलखाला वीज पुरवणाऱ्या पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीचे मुख्यालय आहे. अश्वशक्ती गेली, विद्युतशक्ती आली, असे गमतीने म्हणता येईल. संगीताच्या पानावर या विजेची आठवण काढण्याचे कारण असे की, घरी बसून आपण जे गाणे ऐकतो ते, नीट पाहिले तर, या विजेचेच रूप असते. मुद्रित झालेला गवयाचा आवाज आपल्या यंत्रात येतो तो अत्यंत क्षीण विद्युतसंदेश होऊन. स्पीकरचा पडदा हलवण्याचे बळ त्यात नसते. ते बळ भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्लगातून येते, आणि त्या बळाला गाण्याचा आकार देणे हेच ॲम्प्लिफायरचे काम. हुकूम गवयाचा, राबते ती पोलोग्राउंडची वीज.

हे बळ घरात किती असावे, याविषयी रसिकांत दोन पक्ष आहेत. जुन्या मंडळींचा पक्ष म्हणतो, घराला दहा वॉट रगड. इंदूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते १९५५ मध्ये. त्या काळचा व्हॉल्व्हचा रेडिओ चार-पाच वॉटांत सारा वाडा जागा करीत असे, मग शंभर वॉटांचे लोढणे दिवाणखान्यात कशाला? नव्या मंडळींचा पक्ष म्हणतो, वॉट जितके अधिक तितके यंत्र थोर. मला दोन्ही पक्ष अर्धे बरोबर वाटतात. घरातल्या ॲम्प्लिफायरला शंभर वॉट असावेत, हे माझे मत आहे. परंतु ते खर्च करण्यासाठी नव्हे, हातचे राखण्यासाठी.

थोडा हिशेब मांडू. आज घरोघरी असतात त्यांपैकी मध्यम प्रतीच्या स्पीकरला एक वॉट दिला, तर एक मीटरवर सुमारे ८७ डेसिबल आवाज मिळतो. तीन मीटरवर, म्हणजे आपल्या आरामखुर्चीपाशी, तो ८० च्या आसपास उरतो. दोन माणसे समोरासमोर गप्पा मारतात तो आवाज ६० डेसिबलच्या घरातला. तेव्हा गाणे सरासरी ७० डेसिबलवर ऐकणे म्हणजे चांगले भरघोस ऐकणे झाले, आणि त्याला वॉटाचा दहावा हिस्सा पुरतो. येथपर्यंत जुन्या मंडळींचा विजय आहे.

पण गाणे सरासरीवर चालत नाही. तंबोऱ्याच्या झंकारावर अचानक तबल्याची थाप पडते, पखवाजाचा 'धा' येतो. हा क्षणिक उसळा सरासरीहून २० डेसिबल वर सहज जातो, आणि डेसिबलचे गणित असे उलट्या काळजाचे आहे की, १० डेसिबल वाढवायचे तर शक्ती दहापट लागते, २० वाढवायचे तर शंभरपट. म्हणजे दशांश वॉटावर चाललेल्या बैठकीत थापेपुरते दहा वॉट लागले. कोणी थोडे मोकळेपणाने, ८० डेसिबलवर ऐकत असेल, तर सरासरी एक वॉट आणि थापेला शंभर. शंभर वॉट हा आकडा बडेजावातून आलेला नाही. तो त्या थापेच्या सेकंदाच्या अल्पशा अंशासाठी आहे. शक्ती तेथे अपुरी पडली, तर ध्वनिलहरीचा माथा कापला जातो. किनारीवरचा 'ना' मग टणकन वाजत नाही, 'खट' असा फुटतो. पन्नासाचे शंभर केले तर अवघे ३ डेसिबल पदरात पडतात, हेही जाता जाता ध्यानात ठेवावे. कानाला आवाज दुप्पट वाटावा, तर वॉट दसपट हवेत. शंभराच्या जागी दीडशे घेणाऱ्याने आपण काय विकत घेतले ते या हिशेबाने पाहावे.

राखीव शक्ती साठवायची कशी? दिवसाआड येणाऱ्या नळाची सवय असलेल्या इंदूरकरास हे सांगणे सोपे आहे. नळ आपल्या वेळेला येतो, घर हौदावर चालते. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते, त्यामुळे ॲम्प्लिफायरला भरणा होतो तो सेकंदाला १०० झटक्यांनी. मधल्या वेळात कपॅसिटर नावाचे हौद त्याला पोसतात. ट्रान्स्फॉर्मर किरकोळ आणि हौद उथळ असेल, तर एका थापेने तळ दिसतो. शिवाय '८ ओहम' असे लिहिलेला स्पीकर काही स्वरांवर ४ ओहमपर्यंत उतरतो आणि दुप्पट प्रवाह मागतो. शंभर वॉटांसाठी ८ ओहमला सुमारे साडेतीन अँपियर पुरतात. तोच दाब ४ ओहमवर टिकवायचा तर सात. म्हणून चांगला ॲम्प्लिफायर हाताला जड लागतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रात वजन हीच पुष्कळदा प्रामाणिकपणाची खूण असे.

हौद मोठा झाला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. शंभर वॉटांच्या यंत्राची खरी परीक्षा पहिल्या दशांश वॉटात होते, आणि येथे पुष्कळ यंत्रे नापास होतात. उस्ताद अमीर खाँ हे आपल्या इंदूरचे. त्यांचा दरबारी आठवावा. झूमऱ्याची अतिविलंबित लय, मंद्रातली सावकाश बढत, आंदोलित कोमल गंधार, आणि दोन वाक्यांमधली ती शांतता. तेथे आवाज चढत नाही, तो जवळजवळ विरतो. त्याच वेळी सामान्य ॲम्प्लिफायर गडबडतो. लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा अर्धा दुसरा. पालखीचे भोई खांदा बदलतात तशी ही अदलाबदल शून्यापाशी होते. भोई कसलेले नसतील, तर तेथे हिसका बसतो. मोठ्या आवाजात तो हिसका लपतो. हळू स्वरात त्याची खरखर स्वराएवढीच मोठी होते. स्वर विरण्याऐवजी तुटतो. गंधाराचे आंदोलन ऐकू येते, पण त्याची साय निघून गेलेली असते.

यावरचा सरळ उपाय म्हणजे दोघाही भोयांनी पूर्ण वेळ खांदा देणे. त्यास 'क्लास ए' म्हणतात. त्यात वीज अर्ध्याहून अधिक वाया जाते. दोन बाजूंना शंभर-शंभर वॉट हवेत, तर यंत्र गाणे असो वा नसो निदान ४०० वॉट अखंड ओढणार. माळव्याच्या वैशाखात दिवाणखान्यात शेगडी पेटवून दरबारी ऐकण्याचा हा प्रकार आहे. म्हणून बहुतेकांनी मधला मार्ग काढला: हळू आवाजात दोघांनी मिळून वाहावे, मोठ्या आवाजात वाटून घ्यावे. जोडीला १९२७ मध्ये अमेरिकेच्या हॅरल्ड ब्लॅक यांना सुचलेली युक्ती आली. बाहेर पडणाऱ्या लहरीचा अंश परत आत आणून मूळ लहरीशी ताडून पाहायचा, आणि फरक दुरुस्त करायचा. गुरूने शिष्याचा षड्ज तंबोऱ्याशी पुनःपुन्हा लावून घ्यावा तसेच हे. या युक्तीचा पुरेपूर उपयोग करून ब्रिटनमध्ये विल्यमसन यांनी १९४७ साली १५ वॉटांचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर प्रसिद्ध केला. त्यातली विकृती हजारात एका हिश्श्याहूनही कमी होती. पुढे १९७५ मध्ये क्वाड कंपनीचा शंभर वॉटांचा ॲम्प्लिफायर आला. त्याची रचना मला फार अर्थपूर्ण वाटते. आत एक लहान, अतिशय अचूक ॲम्प्लिफायर असतो; दांडगी कामे करणारे ट्रान्झिस्टर वेगळे असतात, आणि त्यांच्या हातून चूक झालीच तर तो लहान ती भरून काढतो. बळ दांडग्यांचे, शब्द लहानाचा. घरातल्या मोठ्या शक्तीची व्यवस्था अशीच असावी.

आता 'क्लास डी' आला आहे. तो विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कामी लावतो, फारसा तापत नाही, आणि तळहाताएवढ्या पाटीवर शंभर वॉट देतो. शक्ती स्वस्त झाली. आणि शक्ती स्वस्त झाली की तिचा उपयोग कशासाठी, हा प्रश्न महाग होतो.

त्याची दोन उत्तरे बाजारात दिसतात आणि दोन्ही मला खटकतात. पहिले उत्तर खोट्या आकड्याचे. खोक्यावर 'पी.एम.पी.ओ.' या अक्षरांपुढे हजार-दोन हजार वॉट छापण्याची चाल आपल्याकडे एके काळी सर्रास होती, आणि तिची पिलावळ अजून सरलेली नाही. त्या यंत्राच्या पाठीमागची पट्टी वाचली तर ते भिंतीतून तीस-चाळीस वॉटच घेते असे दिसे. भिंतीतून चाळीस घेऊन अखंड हजार देणारे यंत्र सापडले, तर पोलोग्राउंडच्या कंपनीला टाळे लावावे लागेल. अमेरिकेत अशाच फुगवलेल्या आकड्यांना कंटाळून १९७४ मध्ये सरकारी नियम झाला: घरगुती ॲम्प्लिफायरची शक्ती सांगताना ती किती ओहमवर, कोणत्या स्वरमर्यादेत आणि किती विकृतीसह मिळते, हे सांगितलेच पाहिजे. आपल्याकडच्या ग्राहकाने निदान तोंडाने तरी हा नियम लागू करावा. दुकानात तीनच प्रश्न विचारावेत: अखंड वॉट किती, किती ओहमवर, आणि विकृती किती टक्के? नंतर काटा अगदी खाली आणून हळू आवाजात तंबोरा ऐकावा. काटा वर नेऊन दाखवणाऱ्या विक्रेत्याचे कौतुक राहू द्यावे.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे: शक्ती आहे म्हणून ती वापरणे. १३ डिसेंबर २०२३ रोजी मुख्यमंत्री डॉ. मोहन यादव यांनी पदभार घेतला आणि त्यांचा पहिला आदेश ध्वनिक्षेपकांच्या आवाजाविषयी निघाला. तेव्हा चर्चा झाली ती रस्त्यावरच्या आणि उत्सवांतल्या कर्ण्यांची. परंतु ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम घरालाही ओळखतात. निवासी वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची. आणि खासगी यंत्राचा आवाज आपल्या हद्दीवर याच्याहून ५ पेक्षा अधिक वर जाता कामा नये. आपली जुनी घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत, नव्या इमारतींत तर एकाची जमीन म्हणजे दुसऱ्याचे छत. भिंत उंच स्वर अडवते, खर्ज अडवत नाही. म्हणून शेजाऱ्याकडे आपले गाणे पोचत नाही, नुसता ठोका पोचतो. बंदिश आपण ऐकायची आणि धडधड त्याने सोसायची, ही वाटणी न्यायाची नव्हे.

येथे स्वच्छ शक्तीचा एक धोकाही सांगितला पाहिजे. साधे यंत्र मोठ्या आवाजात किरकिरते आणि कान आपोआप हात मागे घेतो. उत्तम यंत्र किरकिरत नाही, त्यामुळे काटा कुठवर गेला हे कळत नाही. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास ऐकणे कानास घातक मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते. यंत्र जितके चांगले, तितका ऐकणाऱ्याचा विवेक अधिक लागतो.

रियाज केलेला गवई मैफलीत आपला सारा दमसास खर्ची घालत नाही. तो पाठीशी आहे, एवढ्यानेच त्याचा हळू लावलेला स्वर निश्चिंत असतो. शंभर वॉट घरी आणावेत ते या अर्थाने. नव्याण्णव पाठीशी असू द्यावेत, एकातच ऐकावे, आणि ते आपल्या घरातच ऐकावे.