सतरा गाणी आणि चौथा माणूस

मैत्रिणींनो, रुखवत मांडायची वेळ आली की आपण काय करतो? घरात केलेलं सगळंच काही टेबलावर ठेवत नाही. सुबक तेवढं निवडतो. मण्यांची महिरप पुढे, विणलेले रुमाल बाजूला, लाडवांची उतरंड मधोमध. येणारे-जाणारे बघतात आणि म्हणतात, "मुलीच्या हातात कला आहे हो!" खरं तर महिरप मावशीने केलेली असते, रुमाल आत्याचे असतात आणि लाडू वळायला शेजारच्या काकू दोन दुपारी येऊन बसलेल्या असतात. त्यांची नावं काही रुखवतावर लिहिलेली नसतात.

गाण्यांच्या दुनियेतही असंच रुखवत मांडतात. एखाद्या गायकाची किंवा वाद्यवृंदाची गाजलेली गाणी निवडायची आणि एकाच तबकडीवर आणायची. आपल्याकडे लताबाईंच्या, आशाबाईंच्या निवडक गाण्यांच्या कॅसेट निघायच्या, तसंच. आज अशाच एका परदेशी संग्रहाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. नाव आहे 'ग्रेटेस्ट हिट्स', म्हणजे सर्वांत गाजलेली गाणी. तो 'क्वीन' या इंग्रजी रॉक बँडने १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये काढला.

तुम्ही म्हणाल, "बाई, हे रॉकबिक आमच्या मुलांचं वेड. आम्हांला त्याचं काय?" थांबा जरा. बँड म्हटल्यावर वरातीतला बँड डोळ्यांपुढे आणू नका. हा चौघांचा संसार होता. संसार म्हटला की कोणाचं काम दिसतं आणि कोणाचं दिसत नाही, हा प्रश्न आलाच. तो आपल्या अगदी ओळखीचा आहे.

आधी त्या चौघांची ओळख करून घेऊ. मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी. त्याचं मूळ नाव फारुख बलसारा. १९४६ साली झांझिबारमध्ये एका पारशी घरात जन्मलेला हा मुलगा शिक्षणासाठी आपल्या पाचगणीला होता. सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात तो लहानाचा मोठा झाला, पियानो शिकला, शाळकरी दोस्तांच्या बँडमध्ये वाजवू लागला. 'फ्रेडी' हे नावही त्याला तिथेच पडलं. तेव्हा पाचगणीला सहलीला गेलात की मुलांना जरूर सांगा, जगभर गाजलेला तो गळा इथल्याच हवेत तयार झाला.

दुसरा ब्रायन मे, गिटार वाजवणारा. तिसरा जॉन डीकन, बेस गिटारवाला. हा सगळ्यांत शेवटी आलेला आणि सगळ्यांत अबोल. चौथा रॉजर टेलर. तो ड्रम वाजवायचा. लंडनला आला होता दातांचा डॉक्टर व्हायला, पण रमला गाण्यात. हे चौथं नाव लक्षात ठेवा हं.

आता संग्रहाकडे येऊ. ब्रिटनमध्ये निघालेल्या तबकडीवर १७ गाणी होती, १९७४ पासून १९८० पर्यंत गाजलेली. निवड अगदी सरळ होती. बाजारात जे चाललं ते आत, बाकीचं बाहेर. १९७३ साली आलेलं त्यांचं अगदी पहिलं गाणं कोणी फारसं विकत घेतलं नव्हतं, म्हणून त्याला जागा मिळाली नाही. वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी गाणी गाजली होती, म्हणून यादीही देशाप्रमाणे बदलली. अमेरिकेतल्या तबकडीवर १४ च गाणी होती.

हा संग्रह ब्रिटनमध्ये किती खपावा? २०१४ साली त्याने ६० लाखांचा आकडा ओलांडला, २०२२ साली ७० लाखांचा. तिथे इतका खपलेला दुसरा कुठलाही अल्बम नाही. तिथल्या कित्येक घरांत आईबापांनी घेतलेली तबकडी मुलांनी वाजवून वाजवून झिजवली असेल.

आता जरा हिशेब करू. आपल्याला वाणसामानाच्या यादीची सवय आहेच! १७ पैकी १० गाणी मर्क्युरीने रचलेली. ५ ब्रायन मेची. २ डीकनची. झाली १७. आणि टेलरची? एकही नाही.

म्हणजे तो माणूस संग्रहात नाही का? अहो, तो प्रत्येक गाण्यात आहे. सतरापैकी जवळजवळ सगळ्याच गाण्यांत ड्रमचा ठेका त्याचाच. 'बोहेमियन रॅप्सडी' हे त्यांचं सर्वांत प्रसिद्ध गाणं. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, अशी शंका काढली गेली होती. पण १९७५ च्या हिवाळ्यात ते ब्रिटनमध्ये सलग ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्यात मध्येच मोठा समूहगायनाचा भाग येतो. पन्नास माणसं गात असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात गळे तीनच, मर्क्युरी, मे आणि टेलर. त्यांनी पुन्हा पुन्हा गाऊन आवाजाचे थर एकावर एक चढवले. त्यातला सगळ्यांत वरचा, उंच सूर आहे तो टेलरचा. पण गाण्याचा कर्ता म्हणून नाव एकट्या मर्क्युरीचं, कारण रचना त्याची.

यात लबाडी काही नाही. रचली त्याने, नाव त्याचं. पण नावामागे पैसाही असतो ना! रचनाकाराला तबकडीच्या विक्रीतला वेगळा वाटा मिळतो. नुसतं वाजवणाऱ्याला, गाणाऱ्याला तो मिळत नाही. त्या काळी छोटी तबकडी निघायची. तिच्या एका बाजूला मुख्य गाणं आणि उलट बाजूला आणखी एक. 'बोहेमियन रॅप्सडी'च्या पाठीवर टेलरने रचलेलं गाणं होतं, एका मोटारवेड्याचं. लोकांनी तबकडी घेतली ती पुढच्या गाण्यासाठी, पण रचनेचा मोबदला दोन्ही बाजूंना सारखाच. टेलरला त्या पाठच्या बाजूने चांगला हात दिला. साहजिकच कोणाचं गाणं कुठे लागावं यावरून चौघांत कुरबुरी होत. पुढे त्यांनीच मुलाखतींतून हे मोकळेपणी सांगितलं.

आता मला सांगा, हे कुठल्या घरात होत नाही? पाहुणे जेवून उठतात, "वहिनी, पुरणपोळी फक्कड झाली!" म्हणतात. पुरण वाटणाऱ्या सासूबाईंचं नाव कोणी काढत नाही. भांड्यांचा ढीग उपसणाऱ्या बाईंचं तर नाहीच नाही. मुलगा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला की वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. पहाटे चारला उठून त्याला चहा करून देणारी, वर्षभर टीव्ही बंद ठेवणारी आई त्या फोटोत नसते. लग्नाचा अल्बम उघडून बघा. कोठीघराच्या किल्ल्या कमरेला लावून दिवसभर धावणाऱ्या जाऊबाई एखाद्या फोटोत अर्ध्याच दिसतील, त्याही पाठमोऱ्या!

दिसेल तेवढंच निवडायचं, हा संग्रहाचा स्वभावच आहे. ठेका ऐकू येतो, पण गुणगुणता येत नाही. म्हणून तो लक्षात राहत नाही. तो थांबला तर मात्र सगळ्यांना कळतं. घरातली बाई आठ दिवस अंथरुणाला खिळली की घराला कळतं, तसंच.

या तबकडीमागे आणखीही न दिसणारे हात आहेत. ब्रायन मेने आपली गिटार शाळकरी वयात वडिलांच्या मदतीने घरीच तयार केली. १९६३ साली कामाला सुरुवात झाली. शेकोटीवरच्या जुन्या फळीचं लाकूड घेतलं, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. आणि तिच्या मानेवर खुणेचे पांढरे ठिपके आहेत ना, ते आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं घासून बसवलेले! सूर कापरा करण्याच्या दांडीचं टोकही आईच्या विणकामाच्या सुईचं. तीच गिटार पुढे लाखोंच्या सभांत वाजली. आपल्याही शिवणाच्या डब्यातून घरासाठी काय काय जात असतं, नाही का?

त्या अबोल डीकनचंही सांगते. त्याच्या दोन गाण्यांपैकी एक, 'यू आर माय बेस्ट फ्रेंड', त्याने आपल्या बायकोसाठी रचलं. ती आपली सर्वांत जवळची मैत्रीण आहे, एवढाच त्याचा साधा अर्थ. त्यात वाजलेला विजेवरचा पियानो मर्क्युरीला आवडेना. मग डीकनने तो स्वतः शिकून वाजवला. चारचौघांत फारसं न बोलणाऱ्या नवऱ्याने असं काही केलं तर कोणाला आवडणार नाही? 'अहों'ना हा परिच्छेद वाचून दाखवायला हरकत नाही!

मग टेलरचं पुढे काय झालं? तो रुसून बसला नाही. रचना करत राहिला. त्याच्या लहानग्याच्या एका बोबड्या शब्दावरून त्याला 'रेडिओ गा गा' हे गाणं सुचलं. ते १९८४ साली आलं. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर, आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या कार्यक्रमात, सत्तर हजारांच्या वर माणसांनी त्या गाण्यावर डोक्यावर हात नेऊन एका तालात टाळ्या वाजवल्या. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये 'ग्रेटेस्ट हिट्स'चा दुसरा भाग निघाला, त्यात टेलरची गाणी आहेत. पहिल्या यादीत नसलेला माणूस दुसऱ्या यादीत आला.

आणि याहून महत्त्वाची गोष्ट. १९८९ च्या अल्बमपासून चौघांनी ठरवलं, की यापुढे गाणं कोणीही रचलेलं असो, नाव 'क्वीन'चं लागेल आणि मोबदला चौघांत वाटला जाईल. गाण्याच्या निवडीतून पैशाचा काटा निघाला. जे गाणं चांगलं ते घ्यायचं, एवढंच उरलं.

हे शहाणपण वेळेवर आलं म्हणायचं. दुसरा संग्रह निघून महिना व्हायच्या आतच, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, मर्क्युरी एड्सने गेला. आजाराची गोष्ट त्याने आदल्याच दिवशी जाहीर केली होती. त्या डिसेंबरमध्ये 'बोहेमियन रॅप्सडी' पुन्हा निघालं आणि पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याचं उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधल्या संस्थेला दिलं गेलं.

आता यातून आपण घरी काय न्यायचं? तीन गोष्टी सुचवते.

पहिली गोष्ट, कौतुक आलं की वाटून घ्या. "पुरण सासूबाईंनी वाटलं हं," एवढं वाक्य म्हणायला कितीसा वेळ लागतो? आपलं नाव कोणी घेत नाही म्हणून आपण हळहळतो, पण आपणही दुसरीचं घेतो का, हे बघावं. कामाला येणाऱ्या बाईंचं, जाऊबाईंचं, परगावहून पापड करून पाठवणाऱ्या वन्संचं.

दुसरी, घरची यादी एकट्याने करू नका. रविवारी सगळे जमलात की फोनवर गाण्यांची यादी करा. अट एकच, घरातल्या प्रत्येकाचं एक तरी गाणं हवं. आजोबांचं नाट्यगीत, मुलीचं रॉक आणि तुमचं भावगीतही. मुलांच्या गाण्याला नाक मुरडू नका. क्वीनचंच 'वुई विल रॉक यू' लावा. त्याचा ठेका म्हणजे दोनदा पाय आपटायचे आणि एक टाळी. फुगडी घालणाऱ्या आपल्या पायांना त्यात काय अवघड?

तिसरी गोष्ट जरा गंभीर. नाव कागदावर असू द्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदपत्रांत आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला आहे. चांगलंच झालं. पण घराच्या कागदांवर, बँकेच्या खात्यावर, ठेवीच्या पावतीवर तुमचं नाव आहे का? नसेल तर शांतपणे विषय काढा. भांडायला म्हणून नव्हे. त्या चौघांनी नाव आणि मोबदला सारखा वाटला, तेव्हा कोणाचा मान कमी झाला नाही. उलट घर नीट चाललं.

आणि 'आमचं काय असणार कागदावर' असं म्हणणारी एखादी मैत्रीण भेटली, तर तिला त्या ड्रम वाजवणाऱ्याची गोष्ट सांगा. सतरा गाण्यांत त्याचं एकही नव्हतं, आणि त्याच्यावाचून त्यातलं एकही उभं राहिलं नसतं.

या आठवड्यात घरची यादी करून बघा. त्यात आजवर कोण सुटून गेलं होतं, ते मला जरूर लिहून कळवा.